बेसबॉल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला जर्सी सिटीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. बारा वर्षांचा आहे, तिथल्या मुलांच्या लीगमध्ये कॅचर म्हणून खेळतो, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा. "मामा, आजीने पाठवलेलं पोस्टरवर लिहिलं तर चालेल ना? आई म्हणाली, आधी मामाला विचार." फेब्रुवारीत तिकडच्या शाळांमध्ये काळ्या अमेरिकनांच्या इतिहासाचा महिना पाळतात. त्याने विषय घेतला बेसबॉल. आणि सांगलीहून माझ्या आईने, नातवाला तेवढीच मदत म्हणून, तिच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेला मजकूर त्याला पाठवून दिला. ताईने तो वाचून दाखवला आणि त्यातलं एक वाक्य पोराने पेन्सिलीने उतरवूनही घेतलं होतं. त्याने कार्डपेपर कॅमेऱ्यासमोर धरला, मी ते वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

मजकुराचं नाव "बेसबॉलची सहा सत्यं". दोन दिवसांत तो मला आणखी तीन ठिकाणांहून आला. एकदा तर कॉलेजात माझ्याबरोबर सॉफ्टबॉल खेळलेल्या मित्रांच्या ग्रुपवर, जिथे निदान कुणीतरी हरकत घ्यायला हवी होती. कुणी घेतली नाही, चार अंगठे मात्र आले. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, जनरल ॲबनर डबलडे यांनी १८३९ साली कूपर्सटाऊन गावात काठीने जमिनीवर आखून बेसबॉलचा शोध लावला. दोन, १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत काळ्यांना हा खेळ कुणी शिकवलाच नव्हता, गोऱ्यांनी मोठ्या मनाने त्याला संधी दिली. तीन, टाय कॉब बुटांच्या खिळ्यांना धार लावून प्रतिस्पर्ध्यांना कापायचा आणि त्याने एकाचा खून केला. चार, फ्रेड मर्कल नावाच्या मूर्ख पोराने एका चुकीने अख्खं अजिंक्यपद घालवलं. पाच, बेब रूथने बोट दाखवून नेमका तिथेच चेंडू मारला. सहा, लाच खाल्लेल्या जो जॅक्सनला एक लहान मुलगा रडत म्हणाला, "हे खोटं आहे असं सांग, जो." खाली नेहमीचं: पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवा.

पोहोचलं. म्हणून लिहितो आहे.

भाच्याने उतरवून घेतलेलं वाक्य दुसऱ्या मुद्द्यातलं होतं: त्यांना हा खेळ कुणी शिकवलाच नव्हता. बाकीचे पाच मुद्दे चुकले तर इतिहासाचे मार्क जातील. हा मुद्दा मात्र ज्यांना मैदानातून हाकलून दिलं त्यांनाच "तुम्हाला येतच नव्हतं" असं सांगतो. चोरी झालेल्या घरात जाऊन "तुमच्याकडे होतंच काय" असं म्हणण्यासारखं आहे हे. म्हणून क्रम मोडतो आणि इथूनच सुरू करतो.

मोझेस फ्लीटवूड वॉकर. जन्म १८५६, ओहायो राज्यातला. ओबर्लिन कॉलेजात आणि नंतर मिशिगन विद्यापीठात शिकला, दोन्हीकडे बेसबॉल खेळला. १८८३ साली टोलेडोच्या संघात कॅचर म्हणून गेला. पुढच्या वर्षी तो संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये आला, आणि ही असोसिएशन तेव्हाच्या मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या स्पर्धांपैकी एक होती. १ मे १८८४ रोजी लुईव्हिलमध्ये वॉकर मैदानात उतरला. रॉबिन्सनच्या ६३ वर्षं आधी. त्या मोसमात ४२ सामने खेळला, फलंदाजीची सरासरी .२६३ (हजार प्रयत्नांत २६३ यशस्वी फटके), संघातल्या बहुतेक गोऱ्यांच्या वर. त्याचा धाकटा भाऊ वेल्डीही त्याच संघातून काही सामने खेळला. म्हणजे एक सोडून दोन.

(काही संशोधक त्याच्याही मागे जातात. १८७९ साली प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळलेला विल्यम एडवर्ड व्हाइट हा गुलामगिरीत जन्मलेला होता, पण तो गोरा म्हणून वावरला. उघडपणे काळा म्हणून खेळलेला पहिला, असं म्हटलं की नाव वॉकरचंच येतं.)

आता कॅचरचं काम म्हणजे काय ते सांगतो, कारण "शिकवलं नव्हतं" हे शब्द मला तिथे सर्वांत जास्त टोचतात. गेल्या मे महिन्यात मी ताईकडे होतो. भाच्याचा सराव संपला की तो मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, काढायचा, आणि डाव्या हाताचा तळवा, विशेषतः पहिल्या बोटाच्या मुळाशी, लालबुंद झालेला असायचा. इंचभर जाड चामडं, आत भरणा, समोरून चेंडू टाकणारा पोरगाही बाराच वर्षांचा, तरी ही गत. ताई बर्फाची पिशवी देऊन ठेवायची. वॉकरच्या काळात असा मिट नव्हताच. काही कॅचर बोटं कापलेले पातळ हातमोजे घालायचे. वॉकर बहुतेक वेळा उघड्या हातांनी चेंडू पकडायचा. आणि टाकणारा होता टोनी मुलेन, त्या मोसमात ३६ सामने जिंकलेला पिचर.

या मुलेनने कितीतरी वर्षांनंतर स्वतःच कबुली दिली. वॉकर हा आपल्याला मिळालेला सर्वोत्तम कॅचर होता, पण काळा माणूस आपल्याला आवडत नसे, म्हणून त्याच्या खुणांकडे न बघता आपण मनाला येईल तसा चेंडू टाकायचो. कॅचर खूण करतो ती पुढचा चेंडू कुठला येणार हे दोघांना ठाऊक असावं म्हणून. ती खूणच मानायची नाही असं पिचरने ठरवलं तर मागे बसलेल्या माणसाला चेंडू सरळ येणार की वळणार हे तो हातातून सुटेपर्यंत कळत नाही. उघड्या हातांनी, असं, महिनोनमहिने. त्या मोसमात चेंडू लागून वॉकरची बरगडीही मोडली. हे ज्याने केलं त्याला "खेळ कुणी शिकवला नव्हता" म्हणणाऱ्याने एकदा एका षटकापुरतं स्टंपामागे ग्लोव्ह्जशिवाय उभं राहून बघावं.

"मोठ्या मनाने संधी" हे शब्द तर मला वाचवतही नाहीत. १० ऑगस्ट १८८३ रोजी शिकागोचा संघ टोलेडोत मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. त्याचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू. त्याने सांगितलं, मैदानावर काळा असेल तर आम्ही खेळणार नाही. खरं तर वॉकरचे हात त्या दिवशी दुखत होते, त्याला विश्रांतीच द्यायची होती. पण टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन इरेला पेटला आणि त्याने वॉकरला मुद्दाम उतरवलं, हातांमुळे कॅचर म्हणून नव्हे तर लांब सीमेजवळ क्षेत्ररक्षणाला. तिकिटांच्या पैशातला वाटा बुडेल म्हटल्यावर ॲन्सन निमूट खेळला. मला हा मॉर्टन फार आवडतो. पुढच्या वर्षी रिचमंडहून त्यालाच पत्र आलं: वॉकर गणवेशात मैदानावर आला तर ७५ माणसं त्याच्यावर तुटून पडायची शपथ घेऊन बसली आहेत. ती वेळ आली नाही, कारण तोवर दुखापतींमुळे संघाने वॉकरला मोकळं केलं होतं.

मग आलं १८८७. वॉकर नेवार्कच्या संघात होता, आणि त्याच्यासोबत जॉर्ज स्टोव्ही नावाचा काळा डावखुरा पिचर, ज्याने त्या एका मोसमात तीसहून जास्त सामने जिंकले. पिचरही काळा, कॅचरही काळा. १४ जुलैला शिकागोचा संघ तिथे आला आणि ॲन्सनने पुन्हा तेच केलं. या वेळी यजमान नमले. स्टोव्ही आजारी असल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी बफेलोमध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांची बैठक चालू होती. काळ्या खेळाडूंशी यापुढे नवे करार मंजूर करायचे नाहीत, ठराव सहा विरुद्ध चार मतांनी पास. ज्या चार संघांत काळे खेळाडू होते ते विरोधात गेले, हेही लक्षात ठेवा. ज्यांनी त्यांचा खेळ रोज पाहिला होता त्यांना ते हवे होते.

सगळं पाप ॲन्सनच्या डोक्यावर घालणंही बरोबर नाही. त्याच सप्टेंबरात सेंट लुइसच्या आठ खेळाडूंनी, क्यूबन जायंट्स या काळ्यांच्या संघाशी आम्ही खेळणार नाही, असं सहीनिशी मालकाला लिहून दिलं. मालक, खेळाडू, प्रेक्षक, सगळ्यांनी मिळून दार लावलं. कुठल्याही नियमाच्या पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, तरी साठ वर्षं टिकलं. वॉकर १८८९ साली सिरॅक्यूजकडून शेवटचा खेळला. त्यानंतर इंटरनॅशनल लीगमध्ये काळा खेळाडू दिसला तो १९४६ साली, माँट्रियलच्या संघात. त्याचं नाव जॅकी रॉबिन्सन.

मधल्या काळात ते काय घरी बसले होते? १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतल्या एका वायएमसीएच्या इमारतीत रूब फॉस्टरने संघमालकांना जमवलं आणि नीग्रो नॅशनल लीग उभी केली. स्वतःची लीग, स्वतःचे संघ, स्वतःचे तारे. त्यांतला जॉश गिब्सन, तोही कॅचर, २० जानेवारी १९४७ रोजी वारला, वय ३५. रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला १५ एप्रिलला. तीन महिने कमी पडले. २०२० साली मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या काळ्यांच्या अशा सात लीगना मेजर लीगचा दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदीत घेतली. तेव्हा आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत पहिलं नाव बदललं. आधी टाय कॉब .३६७ होता. आता जॉश गिब्सन .३७२ आहे. न शिकवलेला.

अर्धं सत्य आहे, ते देऊन टाकतो. विसाव्या शतकात मेजर लीगचं दार पहिल्यांदा रॉबिन्सननेच उघडलं. त्याने जे सोसलं ते सोसून त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवणं हे माणसाचं काम वाटत नाही. ४२ हा त्याचा आकडा १९९७ साली सगळ्या संघांनी मिळून निवृत्त केला, तो योग्यच. त्याला घेणाऱ्या ब्रँच रिकीने धाडस केलं हेही मान्य. पण मोठं मन? रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्यांच्या संघाकडून खेळत होता त्या संघाला रिकीने त्याच्यासाठी एक डॉलरही दिला नाही.

आता पहिला मुद्दा, जनरल डबलडे. हे तर इतकं हास्यास्पद आहे की कुणाला गंभीरपणे समजावून सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

१८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होते, कूपर्सटाऊनमध्ये नव्हते. १८९३ साली ते वारले तोवर त्यांनी बरंच लिहिलं, पण बेसबॉल आपण शोधला असं एका ओळीतही म्हटलं नाही. मग हे आलं कुठून? ॲल्बर्ट स्पाल्डिंग हा जुना पिचर आणि क्रीडासाहित्याचा मोठा व्यापारी. हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्स या चेंडू-फळीच्या खेळातून आला, असं इंग्लंडात जन्मलेले पत्रकार हेन्री चॅडविक सांगायचे, ते त्याला सहन व्हायचं नाही. १८८९ साली न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज हॉटेलात त्याच्या जगदौऱ्याहून परतलेल्या खेळाडूंना मेजवानी होती. तिथे ए. जी. मिल्स यांनी बेसबॉल अस्सल अमेरिकन असल्याचं सांगितलं आणि अख्खा दिवाणखाना "नो राउंडर्स! नो राउंडर्स!" असा ओरडला. १९०५ साली स्पाल्डिंगच्या पुढाकाराने उगम शोधायला आयोग नेमला, अध्यक्ष हेच मिल्स. निकाल आधी ठरला होता, पुरावा नंतर शोधला.

पुरावा म्हणजे डेन्व्हरच्या ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध खाण अभियंत्याचं पत्र. डबलडेंनी खेळ आखला तेव्हा मी कूपर्सटाऊनमध्ये होतो, असं त्याने लिहिलं. ग्रेव्ह्जचा जन्म १८३४ चा. म्हणजे १८३९ साली पाच वर्षांचा पोरगा, आणि साक्ष ६६ वर्षांनंतरची! मिल्स तर डबलडेंना ओळखत होते. इतकी वर्षं ओळखीचा माणूस त्यांना याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही, तरी आयोगाने १९०७ च्या डिसेंबरात डबलडेंच्या नावावर शिक्का मारला.

उगमाचा हा गुंता ज्यांनी सर्वांत नेटाने सोडवला ते जॉन थॉर्न, मेजर लीग बेसबॉलचे अधिकृत इतिहासकार. त्यांचं म्हणणं साधं आहे: हा खेळ कुणा एकाने एका दिवशी शोधला नाही, तो वाढला. "बेस-बॉल" हा शब्द इंग्लंडमध्ये मुलांसाठी छापलेल्या १७४४ च्या पुस्तकात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ साली नव्या सभागृहाच्या खिडक्या वाचवण्यासाठी त्याच्या ८० यार्डांत बेसबॉल खेळायला बंदी घातली होती. खिडक्या फुटत असल्याशिवाय कुणी ठराव करत नाही. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ साली नियम लिहून काढले, आणि १८५७ च्या परिषदेत नव्वद फुटांचं अंतर, नऊ खेळाडू, नऊ इनिंग ठरले.

निकरबॉकर क्लब १९ जून १८४६ रोजी होबोकनच्या एलिझियन फील्ड्सवर एक सामना खेळला आणि २३-१ असा सडकून हरला. होबोकन म्हणजे भाच्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर. मी तिथे गेलो आहे. वॉशिंग्टन स्ट्रीट आणि अकराव्या रस्त्याचा चौक, गाड्यांची वर्दळ, आणि त्यात एक पाटी. मैदानाचा मागमूस नाही. भाच्याने मात्र तिथे उभं राहून होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा, कुठल्या बाजूला असेल यावर माझ्याशी दहा मिनिटं वाद घातला.

कूपर्सटाऊनमध्ये १९३९ साली हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या थोरांचं संग्रहालय, उघडलं, ते या कथेच्याच आधारावर. मंदीच्या काळात गावात माणसं यावीत म्हणून. पुढाकार स्टीफन क्लार्क यांचा, सिंगर शिलाई मशीनच्या घराण्यातले, ज्या मशीनवर माझ्या आजीने आमचे सगळ्यांचे परकर-चड्ड्या शिवल्या तेच. त्यांनी जवळच्या गावातल्या एका जुन्या पेटीत सापडलेला फाटका, चिंध्या भरलेला चेंडू पाच डॉलरला विकत घेतला आणि तो "डबलडेचा चेंडू" म्हणून मांडला गेला. पण एक साधी गोष्ट बघा. त्या हॉल ऑफ फेममध्ये चॅडविक आहेत, स्पाल्डिंग आहे, ॲन्सनसुद्धा आहे. डबलडेंची निवड आजवर झालेली नाही. ज्या संस्थेचं दुकान या कथेवर उभं राहिलं तीही त्यांना आत घेत नाही, आणि आपण सांगलीतून ते सत्य म्हणून पाठवतो.

या दोन मुद्द्यांची गाठ जिथे पडते ते या मजकुरातल्या कुणालाच ठाऊक नसावं. कूपर्सटाऊनने बेसबॉलला खरोखर दिलेला एक माणूस आहे. बड फाउलर. खरं नाव जॉन जॅक्सन, जन्म १८५८, वाढला कूपर्सटाऊनमध्ये. १८७८ साली पैसे घेऊन गोऱ्यांच्या संघातून खेळू लागला, व्यावसायिक बेसबॉलमधला पहिला काळा खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतात. पिचर, कॅचर, सेकंड बेस (धावपटूने शिवायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्यावरचा रक्षक), काहीही. मोसम संपत आला की किंवा सहकारी कुरकुर करू लागले की त्याला काढून टाकायचे, मग तो पुढच्या गावी. असे किती संघ, किती राज्यं. १९१३ साली फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क इथे वारला. थडग्यावर १९८७ पर्यंत दगडही नव्हता, तो बेसबॉल संशोधकांच्या संस्थेने बसवला. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २०२२ साली. त्याच गावात कधी खेळ न शोधलेल्या जनरलच्या नावाचं मैदान आहे, आणि त्या मैदानाकडे जाणाऱ्या छोट्या रस्त्याला २०१३ साली फाउलरचं नाव दिलं.

बुटांचे खिळे, हा मजकुरातला तिसरा मुद्दा. टाय कॉब १९०५ साली मेजर लीगमध्ये आला. त्याच्या कितीतरी आधी, बफेलोचा फ्रँक ग्रँट सेकंड बेसवर उभा असायचा तेव्हा गोरे धावपटू पाय पुढे करून खिळ्यांसकट त्याच्या नडग्यांवर घसरत यायचे. ग्रँट आणि फाउलर दोघांबद्दल हे सांगितलं जातं की त्यांनी नडग्यांना लाकडी पट्ट्या बांधल्या होत्या. तेव्हा खिळ्यांची गोष्ट सांगायचीच असेल तर तिथून सांगा.

कॉबचं म्हणाल तर तो भांडकुदळ होता, तापट होता, आणि १५ मे १९१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षकांत चढून त्याने क्लॉड ल्यूकर नावाच्या माणसाला तुडवलं, ज्याचा एक हात छापखान्यातल्या अपघातात गेला होता आणि दुसऱ्याचीही काही बोटं. त्याची बाजू मी घेणार नाही. ल्यूकरने दिलेली शिवी कॉबच्या अंगात काळं रक्त असल्याची होती, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि त्या शिवीने माणूस एवढा पिसाळतो यातच सगळं आलं. पण खून? तो आला कॉबचं आत्मचरित्र शब्दांकित करणाऱ्या ॲल स्टंपच्या लेखातून, कॉबच्या मृत्यूनंतर. पुढे डेट्रॉइटच्या १९१२ च्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात बसणारं प्रेत सापडलं नाही. १९०९ साली फ्रँक बेकरला "कापलं" त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात कॉब बाजूला घसरतो आहे आणि बेकर त्याच्या अंगावरून हात लांब करतो आहे. पट्टी बांधून बेकर खेळत राहिला. आणि हाच कॉब १९५२ साली जाहीरपणे म्हणाला की काळ्या खेळाडूंना मनापासून सामावून घेतलं पाहिजे. माणूस सरळ नव्हता, पण हा मजकूर त्याला राक्षस करतो आणि बफेलोतल्या त्या सहा मालकांना मोठ्या मनाचे करतो.

ल्यूकर प्रकरणातली पुढची गोष्ट खरी तर पाठवण्यासारखी आहे. कॉबच्या निलंबनामुळे त्याच्या डेट्रॉइट संघातल्या खेळाडूंनी संप केला, संघाने फिलाडेल्फियात हाताला लागतील ती माणसं गोळा करून १८ मे रोजी सामना खेळला आणि २४-२ हरला. ते चोवीस रन देणारा पोरगा ॲलन ट्रॅव्हर्स पुढे धर्मगुरू झाला.

मर्कलला मूर्ख म्हणणं हा अन्याय आहे. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, शिकागो कब्जविरुद्ध नववी इनिंग, १-१ बरोबरी, दोन बाद. फर्स्ट बेसवर न्यूयॉर्कचा १९ वर्षांचा मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मारला, थर्ड बेसवरचा धावपटू होमवर पोहोचला, सामना जिंकला म्हणून लोक मैदानात घुसले, आणि मर्कल सेकंड बेसला न शिवता तंबूकडे वळला. नियमाने त्याने सेकंड बेस शिवायला हवा होता; त्याआधी चेंडू तिथे पोहोचला तर तो बाद आणि ती विजयी धावही रद्द. पण तेव्हा सगळेच असं करायचे. कब्जच्या जॉनी एव्हर्सने कुठूनसा चेंडू मिळवून सेकंड बेस शिवला. त्याच एव्हर्सने त्याच हँक ओडे पंचाकडे तीनच आठवड्यांपूर्वी पिट्सबर्गमध्ये हेच अपील केलं होतं, आणि तेव्हा ते फेटाळलं गेलं होतं. या वेळी बाद. सामना अनिर्णित, पुन्हा खेळवला तो ८ ऑक्टोबरला, कब्ज ४-२ ने जिंकले. मधल्या दिवसांत न्यूयॉर्कने इतर सामने गमावले त्याचं काय? फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हलेस्की या एकट्या पिचरने त्यांना पाच दिवसांत तीनदा हरवलं. मॅनेजर जॉन मॅग्रॉने मर्कलला कधी दोष दिला नाही. लोक मात्र त्याला मरेपर्यंत चिडवत राहिले, आणि आता शंभर वर्षांनी मराठीतही.

बेब रूथ: १ ऑक्टोबर १९३२, रिग्ली फील्ड, पाचवी इनिंग, पिचर चार्ली रूट. रूथने हात उचलला हे खरं, प्रेक्षकांतल्या एकाने घेतलेल्या चित्रफितीत दिसतं. पुढच्या चेंडूवर होम रन मारला हेही खरं. बोट मैदानापलीकडे होतं की समोरून शिव्या देणाऱ्या कब्जच्या बाकाकडे, हे त्या फितीवरून ठरत नाही. "नेमका तिथेच" हे पदरचं आहे.

आणि जो जॅक्सनला रडत विचारणारा मुलगा वर्तमानपत्राने दिला, जॅक्सनने स्वतः ते घडल्याचं नाकारलं. १९१९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, हरण्याच्या कटातले पाच हजार डॉलर घेतल्याचं मात्र त्याने नाकारलं नव्हतं. त्याच मालिकेत त्याची सरासरी .३७५ होती. हे दोन्ही एकत्र डोक्यात ठेवायला जड जातं, म्हणून लोकांना रडणारा मुलगा बरा वाटतो.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. मुलेन वॉकरच्या खुणा मानत नसे इथवर आलो तेव्हा ती मध्येच म्हणाली, "अरे, मग त्याच्या हातांचं काय होत असेल!" ज्या ग्रुपवर मजकूर आला होता तिथे तिने स्वतः टाईप करून टाकलं की दुसरा मुद्दा खोटा आहे, मुलाने तपासला आहे, वॉकर नावाचा खेळाडू आधीच खेळला होता. एकीने विचारलं, तुमचा मुलगा इतिहासाचा प्राध्यापक आहे का? आईने उत्तर दिलं, नाही, पण त्याला कळतं.

भाच्याने ते वाक्य खोडलं. पोस्टरच्या मधोमध आता वॉकर आहे, टोलेडोच्या गणवेशात, गुडघे वाकवून बसलेला. पहिल्या चित्रात त्याने वॉकरच्या डाव्या हातात स्वतःच्यासारखाच मोठा तपकिरी मिट काढला होता, रंगही भरून झाला होता. काल ताईने फोटो पाठवला. मिटवर पांढरा कागद चिकटवून त्यावर त्याने उघडा तळवा काढला आहे, पाचही बोटं पसरलेली.